अधिक तीन

‘मामा, मी रोग आहे,’ असं भाचीने सांगितलं तेव्हा माझा पोह्यांचा घास घशाशीच थांबला. मग कळलं की हा इंग्रजीतला रोग. कुलपं उघडायची, भिंतीला चिकटून चालायचं आणि राक्षसाचं लक्ष दुसरीकडे असताना मागून जाऊन खंजीर खुपसायचा, असा तो पेशा. दर रविवारी दुपारी दोन ते सात. त्यानंतर ती पुन्हा माणसात येते आणि सोमवारी सकाळी हिंजवडीची बस पकडते.

तिच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती ही मंडळी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणायचं. इथली डीएम म्हणजे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक बारीकशी मुलगी. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि पुढे काय होईल याची खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. त्या रविवारी त्यांचा लढवय्या नोकरीसाठी बंगळुरूला निघून गेला होता आणि गोष्टीत पुढच्याच गुहेत ओग्र बसला होता. ओग्र म्हणजे आडदांड, मंदबुद्धीचा, हातात सोटा घेतलेला राक्षस.

‘तू ये ना,’ भाची म्हणाली. ‘तुला काही करायचं नाहीये. फक्त मारायचंय.’

मी एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत पगारबिलं काढली. एवढ्या काळात मी मारले ते फक्त शिक्के. पण निवृत्त माणसाला रविवार काय आणि बुधवार काय. गेलो.

भाचीने माझ्यापुढे एक कागद सरकवला. त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात. तो पाहिला आणि एकदम आपल्या टेबलावर परत आल्यासारखं वाटलं. वर नाव, शेजारी हुद्दा आणि श्रेणी, डावीकडे मूळ आकडे, त्यांच्या जोडीला भत्ते, खाली मालमत्तेची यादी. हे तर सेवापुस्तक! फक्त वारसाचं नामनिर्देशन तेवढं राहिलं होतं, आणि ज्या धंद्यात मी शिरत होतो त्यात ते आधी हवं.

माझ्या लढवय्याचं नाव मी दगडोबा ठेवलं. सगळ्यांना सहा गुण असतात: स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विस्डम, करिश्मा. म्हणजे बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. बुद्धी आणि शहाणपण वेगवेगळं मोजलंय हे मला फार आवडलं. आमच्या कचेरीत बुद्धीचे लोक पुष्कळ होते. शहाणपणाचा एकच, आणि तो शिपाई होता.

गुणांचे आकडे ठरवायला मुलं छापील संच वापरतात: 15, 14, 13, 12, 10, 8. कुठला आकडा कुठे लावायचा ते आपण ठरवायचं. बाकी कोणी एल्फ, कोणी बुटका. दगडोबा साधा माणूस, आणि साध्या माणसाला त्यांच्या नियमाने प्रत्येक गुणात एकेक वाढवून मिळतो. (साध्या माणसाला जास्त मिळतं अशी जागा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.) तेव्हा बळ 16, काटकपणा 15, शहाणपण 14, छाप 13, बुद्धी 11 आणि चपळाई 9 असा आमचा दगडोबा उभा राहिला.

‘आता हे आकडे विसर,’ भाची म्हणाली.

‘म्हणजे?’

‘लढाईत हे लागतच नाहीत. लागतो तो मॉडिफायर. दहा वजा कर, दोनाने भाग, आणि खाली सोड.’

सोळातून दहा गेले सहा, सहाचे निम्मे तीन. दगडोबा तलवार चालवणार तेव्हा फाशावर जे दान पडेल त्यात हे तीन मिळवायचे. इथवर ठीक होतं. मग मी काटकपणा घेतला. पंधरातून दहा गेले पाच, पाचाचे निम्मे अडीच. ‘दोन,’ भाची म्हणाली. बरं, अर्धा गेला. मग चपळाई. नऊ वजा दहा उणे एक, त्याचे निम्मे उणे अर्धा. मी हक्काने शून्य लिहिलं. तिने ते खोडलं आणि उणे एक लिहिलं.

‘खाली सोडायचं म्हटलं ना? उणे अर्ध्याच्या खाली उणे एक.’

मी चष्मा काढून ठेवला. सहाव्या वेतन आयोगात वार्षिक वाढ तीन टक्के होती आणि जी रक्कम येईल ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायची असा नियम होता. त्या नियमाने मी शेकडो लोकांना चार-सहा रुपये जास्त दिले आहेत आणि प्रत्येक वेळी मला दानधर्म केल्याचं समाधान मिळालेलं आहे. इथे द्यायची वेळ आली की अर्धा गिळायचा, आणि कापायची वेळ आली की अर्ध्याचा एक करायचा! हा नियम करणारा माणूस कुठल्यातरी लेखा शाखेतून आला असणार याबद्दल माझी खात्री झाली.

‘मग पंधराचा उपयोग काय? चौदाचेही दोन आणि पंधराचेही दोनच.’

‘पोलादी चिलखत घालायला बळ पंधरा लागतं. कमी असलं तर चाल मंदावते,’ समोरचा चष्मेवाला मुलगा म्हणाला. ‘बाकी फारसं काही नाही, काका. पुढच्या वेळी सोळा होतील या आशेवर जगायचं.’

असे पंधरावर अडकलेले लोक मी ओळखतो.

मला कुठल्याही भत्त्याचा मूळ आदेश पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. हे अधिक तीन मुळात कुणी मंजूर केले, कधीपासून लागू झाले, असं मी टेबलावर विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग मी घरी वाचून काढलं, आणि जे सापडलं त्याने माझी दोन-तीन रात्रींची झोप आनंदात गेली.

मूळ आदेश 1974 चा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स राहायचा. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनबरोबर त्याने हा खेळ रचला. गायगॅक्स आधी विम्याच्या कंपनीत जोखमीचा हिशोब करायचा. ती नोकरी गेल्यावर घरी बूट दुरुस्त करून संसार चालवत होता. हे वाचलं आणि तो मला आमच्यातलाच वाटायला लागला. ज्या माणसाने उमेदीची वर्षं तक्ते पाहण्यात घालवली, तो राक्षसांच्या गुहेत शिरला तरी जाताना तक्ता घेऊनच जाणार. पहिल्या खेपेला हजार पेट्या निघाल्या. प्रत्येकीत तीन पातळ पुस्तिका.

आणि त्या पुस्तिकांत बळाला लढाईत भत्ताच नाही! बळ तीन असो की अठरा, तलवार तेवढीच लागते आणि तेवढंच कापते. मग बळ कशाला? तर लढवय्याचं बळ पंधरा किंवा वर असेल तर त्याला अनुभवाचे गुण दहा टक्के जास्त मिळतात, म्हणजे तो लवकर वरच्या श्रेणीत जातो. कामात काडीचा फरक नाही, पण बढती लवकर. ही पात्रता विभागीय परीक्षेचीच की! लेक जिनिव्हात बसून त्या माणसाला आमची कचेरी दिसली कशी, हे मला अजून उमगलेलं नाही.

अर्थात लोक गप्प बसले नाहीत, कधी बसत नाहीत. दुसऱ्याच वर्षी, 1975 मध्ये, ‘ग्रेहॉक’ नावाची पुरवणी निघाली आणि बळाला फटक्यात आणि इजेत वाढ मिळायला लागली. पण ती साधीसरळ दिली असती तर ती पुरवणी कसली? लढवय्याचं बळ अठरा आलं की त्याने आणखी शंभरांचे फासे टाकायचे आणि अठराच्या पुढे तिरकी रेघ मारून तो आकडा लिहायचा. अठराला एक ते पन्नास, एक्कावन्न ते पंच्याहत्तर, शहात्तर ते नव्वद, अशा पायऱ्या. तीन फाशांवर अठरा पडण्याची शक्यता मुळात 216 मध्ये एक, आणि त्या एकाच्या पोटात पुन्हा शंभर खण. 1978 च्या जाडजूड पुस्तकात हे सगळं पक्कं झालं. त्यात माणसाच्या जातीच्या स्त्री-लढवय्येला अठराला पन्नासच्या पुढे जायला मनाई होती. 1989 च्या आवृत्तीत ती अट गेली. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा तिने शांतपणे विचारलं, ‘पन्नास का? एकोणपन्नास का नाही?’ नियम करणाऱ्यांना सगळ्यात अडचणीचा प्रश्न हाच असतो.

1978 च्या त्या तक्त्यात मी दगडोबाला शोधलं. बळ 16: फटक्यात काही नाही, इजेत अधिक एक. 1981 साली खेळाची सुटसुटीत पेटी आली. तिच्यात तेरा ते पंधराला एक, सोळा-सतराला दोन, अठराला तीन, आणि खालच्या बाजूला तसेच उणे. हा तक्ता मला सगळ्यांत सभ्य वाटतो. पोस्टकार्डावर मावतो, आणि नऊ ते बारा या सर्वसामान्य जनतेला काही देत नाही पण तिचं काही कापतही नाही; माझ्या नवाला तिथे शून्य मिळालं असतं. मग 2000 साली तिसऱ्या आवृत्तीत दहा-वजा-दोनाने-भागाचं सूत्र आलं, ते सहाही गुणांना सारखं लागू झालं आणि आजतागायत चालू आहे. त्यात सोळाला तीन.

म्हणजे पाहा: 1974 ला काही नाही, 1978 ला एक, 1981 ला दोन, 2000 पासून तीन. मूळ बळ तेच सोळा. याला आमच्या भाषेत महागाई भत्ता म्हणतात. आणि महागाई होती का? होती! 1977 च्या राक्षसांच्या पुस्तकातला ओग्र सरासरी एकोणीस गुणांच्या इजेत आडवा व्हायचा. मुलं वापरतात त्या 2014 च्या पुस्तकातला ओग्र पाडायला 59 मोजावे लागतात. ओग्र तोच, सोटा तोच.

पण तीन म्हणजे असे किती? फासा वीस बाजूंचा, तेव्हा प्रत्येक अधिक एक म्हणजे शंभरात पाच. तीनाचे पंधरा टक्के. मला ते किरकोळ वाटले होते. मग एका दुपारी मी पाठकोऱ्या कागदावर गॉब्लिन मांडला. गॉब्लिन हा ओग्रचा गरीब नातेवाईक समजा. मुलांच्या पुस्तकात त्याला लागायला एकूण पंधरा व्हावे लागतात, आणि त्याचा जीव सात गुणांचा. दगडोबाला बळाचे तीन आणि तलवारीच्या सरावाचे दोन, असे पाच मिळतात. म्हणून फाशावर दहा किंवा वर पडलं की वार लागला. वीसमधली अकरा दानं. बळाचे तीन काढले तर तेरा लागतात, दानं उरली आठ. पण खरी गंमत पुढे आहे. लागलेल्या वारात किती इजा, ते आठ बाजूंचा फासा सांगतो, आणि तिथेही हे तीन पुन्हा मिळतात. तीनासकट सात करायला आठांच्या फाशावर चार पुरतात, म्हणजे आठातल्या पाच बाजू कामाच्या. तीन नसतील तर सात किंवा आठच पडायला हवं, म्हणजे फक्त दोन बाजू. आता एका घावात गॉब्लिन ठार होण्याचा हिशोब करा. फाशावर वीस पडल्याची मौज बाजूला ठेवली तर तीनासकट शंभरात चौतीस वेळा, तीनाशिवाय शंभरात दहा वेळा. एकाच भत्त्याचा दोन ठिकाणी लाभ, आणि परिणाम तिपटीच्या वर. असा दुहेरी लाभ आमच्याकडे कुणी घेतला असता तर मी त्याच्यावर वसुली काढली असती.

वसुलीवरून आठवलं. भाची दोन हातांत दोन खंजीर धरते. पहिल्या खंजिराच्या इजेत चपळाईचा भत्ता मिळतो, दुसऱ्या हाताच्या वारात मिळत नाही. एकाच पदावर दोन वेतनं नाहीत, मान्य. पण पुस्तकात त्या वाक्याला एक शेपूट आहे: भत्ता उणे असेल तर मात्र तो दुसऱ्या हातालाही लागू राहील. द्यायचं असेल तेव्हा दुसरा हात मोजायचा नाही, कापायचं असेल तेव्हा मोजायचा. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि त्याला नमस्कार केला. तसंच फाशावर वीस पडले की इजेचे फासे दुप्पट, पण भत्ता एकदाच. मूळ वेतन दुप्पट, भत्ता जागच्या जागी. मुलं यावर हळहळतात. मला तो एकंदर कारभारातला सगळ्यात समंजस नियम वाटतो.

एवढं सगळं कागदावर. टेबलावर मात्र चिवडा असतो.

चिवडा मध्यभागी मोठ्या वाडग्यात असतो आणि सगळ्यांची बोटं तेलकट असतात. फासा बोटाला चिकटतो, मग अचानक सुटतो. कधी तो वाडग्याला टेकून कलता उभा राहतो, एक बाजू सतराची, एक तीनची, मध्ये एक शेंगदाणा. ज्याचा वार असतो त्याला सतरा दिसतात, डीएमला तीन. वाद नको म्हणून पुन्हा टाकायचा असा इथला रिवाज आहे. माझी आजी सारीपाट खेळायची. तिथे कवड्या खुळखुळवून टाकल्या की पडलं ते दान. त्यात कुणी सोंगटीचं बळ मिळवत नसे, चपळाई वजा करत नसे. दान वाईट पडलं तर आजी नशिबाला बोल लावायची आणि मोकळी व्हायची. इथे दानानंतर बेरीज येते, आणि नशिबाला बोल लावायच्या आधी आपली बेरीज बरोबर आहे ना हे पाहावं लागतं. माणसाच्या दुःखाला यामुळे उगाचच विलंब होतो.

आणि बेरीज करताना या मुलांची तारांबळ पाहवत नाही. दिवसभर संगणकावर काय काय करणारी ही पोरं, अकरा अधिक पाच म्हटलं की छताकडे पाहतात. ‘अकरा... बळाचे तीन... चौदा... सरावाचे... थांब, सराव धरला का मी?’ मग कागद उलटा-सुलटा करायचा. तोवर ओग्र सोटा उगारून तिष्ठत उभा. एका वाराला दोन-दोन मिनिटं. खऱ्या ओग्रने एवढी वाट पाहिली नसती. माझं मत असं की भत्त्याची बेरीज लढाईत करायचीच नाही. घरून करून आणायची. बळ किती, सराव किती, हे लेखापरीक्षणाला ठीक आहे. टेबलावर एकच अंतिम आकडा हवा. पगार हातात घेताना कुणी घरभाडं वेगळं मोजून घेतो का?

हे ज्ञान मी त्या दिवशी चिवडा खात सगळ्यांना ऐकवलं. त्यामुळे पुढचं जे घडलं ते जास्त लागलं.

ओग्रची लढाई सुरू झाली. पाळी ठरवायलाही चपळाईचा भत्ता लागतो, माझा उणे एक, तेव्हा मी शेवटी. माझ्या कागदावर तलवारीपुढे भाचीने लाल शाईने दोन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या: ‘अधिक पाच’ आणि थोड्या अंतरावर ‘एक डी-एट अधिक तीन’ (डी-एट म्हणजे आठ बाजूंचा फासा). मी पहिली वाचली. पाच म्हणजे बळाचे तीन आणि सरावाचे दोन, हे मला पाठ होतं. बळाचं देणं चुकतं झालं अशी माझी समजूत. पहिल्या फेरीत फासा तेरावर थांबला. ‘अठरा!’ मी गरजलो. ‘लागला,’ डीएम म्हणाली. आठांचा फासा टाकला, सहा पडले. ‘सहा!’ दुसऱ्या फेरीत पुन्हा लागला. ‘पाच!’ कार्यालयीन शिस्तीने मी फक्त अंतिम आकडे सांगत होतो, मधली मांडणी नाही. डीएम आपल्या पडद्याआड ते आकडे कागदावर उतरवत होती. डीएमपुढे पुठ्ठ्याचा उभा पडदा असतो, तिचे फासे आणि तिचे हिशोब त्याच्या मागे.

तिसऱ्या फेरीत ओग्र भाचीकडे वळला. ‘माझे बारा उरलेत,’ ती आधीच म्हणाली होती, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. डीएमने दोन फासे टाकले. एक पडद्यावरून उडी मारून माझ्या बशीशी येऊन थांबला, दुसरा त्याच्या मागोमाग. आठ-आठ बाजूंचे दोन निळे फासे. एकावर पाच, एकावर सहा. तिने ते पटकन उचलले. ‘अकरा,’ ती म्हणाली. भाचीने कागदावर बारा खोडून एक लिहिला.

एक! माझी भाची एका गुणावर उभी. मामाचं रक्त तापलं. माझी पाळी आली, मी फासा टाकला, वार लागला, आठांच्या फाशावर चार पडले. ‘चार!’

‘तीन धरून?’ डीएमने विचारलं.

‘कसले तीन?’

टेबलावर शांतता पसरली. चष्मेवाल्याने माझा कागद ओढून घेतला, लाल शाईवर बोट ठेवलं आणि ते माझ्या नाकापुढे धरलं. त्या बोटावर चिवड्याची हळद होती. इजेतही तीन. मला हे पाठ होतं! मी तर याच दुहेरी लाभाचा गॉब्लिनवर ताळेबंद काढला होता. आणि ऐन वेळी दोन फेऱ्यांत मिळून सहा गुण न उचलता सोडून दिले होते.

‘मग आत्ताचे सात,’ मी म्हणालो. ‘मेला का?’

‘मेला. पाचच उरले होते.’

सगळे ओरडले. पण माझ्या डोक्यात वजाबाकी चालू झाली होती. पाच उरले होते. माझे सहा बाकी होते. म्हणजे वेळच्या वेळी बिल काढलं असतं तर ओग्र दुसऱ्या फेरीतच पडला असता, तिसऱ्या फेरीचा सोटा उगारलाच गेला नसता आणि भाचीचे अकरा वाचले असते. मी रीतसर मागणी केली. पूर्वलक्षी प्रभावाने माझी थकबाकी मंजूर व्हावी आणि भाचीचे अकरा परत मिळावेत. मी उभा राहून बोललो असं भाचीचं म्हणणं आहे.

डीएम माझं सगळं ऐकून घेत होती. मग ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, ‘काका, देते ना. पण मग सगळ्यांचीच थकबाकी काढू या. ओग्रचीसुद्धा.’

‘ओग्रचं काय राहिलंय? आणि तो आधीच मेला असता तर त्याचा...’

टेबलाखाली भाचीने माझ्या पायावर पाय दिला. हळूच नव्हे. ‘मामा,’ ती म्हणाली, ‘गप बस. चिवडा खा.’

मी बसलो. मला वाटलं, डीएमने दमदाटी केली. वरिष्ठ करतात तशी: तुमचं प्रकरण उघडायचं तर मग सगळ्याच फाइली उघडू या. एकतीस वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकल्यावर माझे गुडघे आपोआप वाकतात. मग त्या मंडळींनी तिथल्या तिथे ठराव केला की विसरलेला भत्ता पुढच्याची पाळी सुरू होईपर्यंत मागता येईल, त्यानंतर दावा मुदतबाह्य. मी अनुमोदन दिलं. नियम चांगला आहे. थकबाकी हप्त्याहप्त्याने मिळवण्यात माणसाचं काय होतं ते मी पाहिलंय.

रात्री झोप येईना. उठलो, भाचीकडून आणलेलं राक्षसांचं पुस्तक उघडलं, ओग्रचं पान काढलं. चित्र वाईट आहे, रात्री बघू नये. खाली त्याच्या सोट्याचा हिशोब दिलेला: आठ बाजूंचे दोन फासे, अधिक चार.

अधिक चार. ओग्रचं बळ एकोणीस. एकोणीसमधून दहा गेले नऊ, नऊचे निम्मे साडेचार, खाली सोडले चार. त्याचाही अर्धा गेलेलाच, बिचाऱ्याचा. माझ्या बशीशी पाच आणि सहा पडले होते, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. पाच आणि सहा अकरा. ‘अकरा,’ ती म्हणाली होती. अकरा अधिक चार पंधरा. भाचीचे उरले होते बारा.

मी बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसलो. ही मुलगी तीन वर्षं हा खेळ चालवतेय. बाकीच्यांना अकरा अधिक पाचला छत लागतं, हिला लागत नाही. आणि टेबलाखाली माझ्या पायावर पाय पडला होता, म्हणजे भाचीनेही ते ऐकलं होतं. चष्मेवाल्यानेही ऐकलं असणार, त्याला तर पुस्तक पाठ आहे. लोकांची चार-चार रुपयांची चूक पकडण्याचा पगार ज्याने एकतीस वर्षं खाल्ला, त्याच्या एकट्याच्या ध्यानात आली नव्हती.

पुढच्या रविवारी मी तक्ते करून नेले. प्रत्येकाला एकेक, पुठ्ठ्यावर, माझ्या पेन्शनरी अक्षरात: कुठलं हत्यार, फटक्यात एकूण किती, इजेत एकूण किती, सगळ्या बेरजा घरूनच केलेल्या. मुलांना आवडले. चष्मेवाल्याने तर मोबाइलवर फोटो काढला. डीएमसाठीही एक केला होता, त्यात गॉब्लिन, ओग्र आणि आणखी दहा राक्षसांचे भत्ते ओळीने. ओग्रपुढे मी चार लिहिले होते; आकडा चुकीचा लिहिणं हातून होत नाही.

तिने तो नीट वाचला. ओग्रच्या ओळीशी थोडी थांबली, माझ्याकडे पाहिलं. ‘काका, मस्त झालाय,’ म्हणाली, आणि टेबलाला तेल लागू नये म्हणून चिवड्याच्या वाडग्याखाली सरकवून दिला.